उतरायचं म्हणाल्यावर

दुपारचं जेवण उरकून सुनंदा पडवीतल्या चटईवर आडवी होते. डोळे मिटतात, पण मन काही निवत नाही. तालमीतल्या लहान मुलींना मल्लखांब शिकवायला नवं माणूस नेमायचंय, आणि संध्याकाळच्या बैठकीत शेवटचा शब्द तिचाच आहे. सगळ्यांचा कल रणधीर शेडगेंकडे. राज्यपातळीवर गाजलेला गडी. दुसरी आलीय ती किशोरी, बोलायला बुजरी. चटईच्या काड्या गालाला रुततात, मग रुतेनाशा होतात.

आतून कुणीतरी पाणी मागतं. सुनंदा स्वयंपाकघरात जाते, तर इंदूताई पाटावर बसून शेंगा सोलतायत. याच ताईंनी तिला लहानपणी मल्लखांब शिकवला. गेल्या थंडीत त्या वारल्या. हे तिला आठवतं, पण त्यात वावगं काही वाटत नाही. ती पुढ्यात बसते आणि सगळं सांगते. शेडगेंचं कसब, त्यांचा रुबाब. किशोरीबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. परवा दोघांनी पोरींना शिकवून दाखवलं, तेव्हा समितीनं काही विचारलं, तर अर्धं उत्तर टाकूनच ती उठून गेली.

"आणि पोरी?" ताई विचारतात. "त्या वर होत्या तेव्हा काय झालं?"

सुनंदा उत्तर द्यायला जाते, तर ती खांबाच्या टोकावर आहे. स्वयंपाकघराला छप्पर नाही. तिचे पाय एवढेएवढेसे झालेत. खाली शेडगे उभे आहेत, तोंड खुर्च्यांवरच्या मंडळींकडे.

"मला उतरायचंय," ती म्हणते.

"घाबरतेस काय? अजून एकदा कर. सगळे बघतायत."

हे शब्द तिनं ऐकलेत. परवाच्या त्या चाचणीत, शेडगेंनी छोट्या मुग्धाला म्हटलेले. मंडळी हसली होती आणि मुग्धा ओठ चावत पुन्हा वर चढली होती. नंतर किशोरीच्या वेळी तीच मुग्धा पुन्हा 'उतरायचंय' म्हणाली. अगदी बारीक आवाजात. किशोरी बोलता बोलता थांबली ती तेव्हा. उठून गेली ती खांबाखाली, हात पसरून.

आता खाली शेडगे नाहीत. इंदूताई आहेत, पदर खोचून.

"उतर. मी आहे."

सुनंदा खांबाला घट्ट बिलगून घसरत येते. ताईंचा चेहरा जवळ येतो, पण जमीन येत नाही.

"ताई, तुम्हीच का नाही राहत?"

"माझे हात आता पोचत नाहीत गं," ताई शांतपणे म्हणतात. "म्हणून तर माणूस बघायचं."

ती डोळे उघडते. पडवीत ऊन कललंय, शेजारी कुणी धुणं आपटतंय. सुनंदा किशोरीचं नाव एकदा मोठ्यानं उच्चारून बघते, आणि ते बरोबर वाटतं. मग उठायला ती हात टेकते, तर तळवा चटईला चिकटतो. ती तो नाकाशी नेते. मल्लखांबाला चोळतात त्या एरंडेलाचा वास, आणि बोटांच्या पेरांवर त्याचा ओला, पिवळसर थर.