फूट कुठनं मोजलं?

नाथाजी आटपाडीचा. त्या दुष्काळी भागातला माणूस पाण्याविषयी बोलायला लागला की आम्ही सांगलीकर गालात हसायचो. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन तो विश्रामबागेत आमच्या कॉलेजवर पहारेकरी झाला होता. लेकरांशी खोटं बोलणाऱ्या माणसाचा त्याला भयंकर राग. मी तिथं क्लार्क. मला तो निव्वळ आडमुठा वाटायचा.

२०१९च्या ऑगस्टात पूर आला आणि कॉलेजचा हॉल माणसांनी भरला. त्यात नदीकाठची रेश्मा होती, तिची आठ वर्षांची उत्कर्षा होती. नवरा धनाजी अंथरुणाला खिळलेल्या आईजवळ माडीवर थांबलेला, आणि त्याचा फोन लागत नव्हता. दोन दिवस पोरीनं घास घेतला नव्हता. "काही झालेलं नाही बाळा," असं रेश्मा म्हणायची. आम्हीही तेच म्हणायचो.

नाथाजी तिच्यापुढं मांडी घालून बसला. "पोरी, कशाला भ्यालीस?"

"पुलाजवळ पंचावन्न फूट पाणी आहे म्हणे. आमचं घर तर पंचवीस फूटच आहे. मग पप्पा?"

आम्ही शिकलेली माणसं दिवसभर तोच आकडा तिच्यादेखत घोकत होतो.

"आगं, आमच्याकडं बोअर तीनशे फूट आन् वर निस्ता धुरळा," नाथाजी म्हणाला. "फूट कुठनं मोजलं, ते आधी इचारायचं. पुलाची पाणी मोजायची पट्टी पार खाली नदीत सुरू हुती, तुमच्या दारात न्हाई." मग रेश्माला म्हणाला, "ताई, पाणी उंबऱ्याला लागतं तवा पुलावर किती असतंय?"

नदीकाठची बाई, झोपेतही सांगेल. "सेहेचाळीस."

त्यानं खडूनं भिंतीवर घर काढलं. उंबऱ्याशी सेहेचाळीस लिहिलं, त्याच्यावर बारा फुटांवर माडी. "आता तूच कर वजाबाकी."

"घरात नऊ फूट पाणी," उत्कर्षा म्हणाली.

"व्हय. खालचं घर गेलं. टीव्ही, दप्तर, समदं. पन माडी अजून तीन फूट वर हाय, आन् तुझा बाप माडीवर हाय."

रेश्मा उसळली, "अहो, लेकराला काय सांगताय हे!" मीही चिडलो. पण लेकरानं भाताचं ताट पुढं ओढलं होतं.

मग रोज सकाळी ती आकडा विचारून पाण्याची रेघ सरकवायची. छप्पन्नला दोन फूट उरले. सत्तावन्नला एक. त्या दिवशी आमच्यापैकी कुणी भिंतीकडं बघेना. "एक फूट बी लय असतंय," नाथाजी म्हणाला, आणि बघत राहिला.

दुसऱ्या सकाळी उत्कर्षा धावत आली, तेव्हा रेश्माच भिंतीपाशी उभी होती.

"किती उरलं गं?" तिनं लेकीला विचारलं.

"दोन. आई, उतरतंय!"

रेश्मा भिंतीला टेकून खाली बसली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मोठ्यानं रडली. उत्कर्षा तिच्यापुढं मांडी घालून बसली. "भिऊ नको," ती म्हणाली. "खालचं घर गेलंय. पप्पा वर आहेत."