कटर कुणाच्या नावावर होता

अमावस्येला दुकानात गर्दी नसते म्हणून आमचे वडील मुद्दाम त्याच दिवशी खरेदीला जायचे. अशा घरात मी वाढलो, बारामतीत. भूत, करणी, बाहेरची बाधा या गोष्टी आमच्याकडे फक्त हसण्यापुरत्या. आजही कुणी असलं काही सांगायला लागलं की मी आधी विचारतो, लाइट होती का... तुम्ही काही घेतलं होतं का... त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण माझ्या डाव्या हाताला तीन बोटं नाहीत, आणि कुणी विचारलं की मी "कारखान्यात अपघात झाला" एवढंच सांगत आलोय. ते खोटं नाही. पण पुरं खरंही नाही.

नव्वदच्या दशकाच्या मधली गोष्ट. इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात मी कॉम्प्युटर विभागात होतो. कारखान्याचं नाव लिहीत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत. त्या हंगामाआधी आमच्याकडे युनिक्सवर चालणारी नवी कॉम्प्युटर यंत्रणा बसली. गव्हाण, म्हणजे उसाच्या मोळ्या ज्या सरकत्या पट्ट्यावर पडतात ती, आणि तिच्या तोंडाशी असलेला कटर, हे दोन्ही आता ऑपरेटरच्या केबिनमधल्या स्क्रीनवरून चालणार होते. कटर म्हणजे एक जाडजूड लोखंडी दांडा, त्याच्या चहूबाजूंनी हातभर लांब पाती. तो पूर्ण वेगात असला की पाती दिसत नाहीत, नुसती हवा दिसते.

या यंत्रणेत प्रत्येकाचं वेगळं लॉगिन. तुम्ही नाव आणि पासवर्ड टाकून आत शिरलात की त्याच क्षणी मशीन ठरवतं, या नावाच्या माणसाला कोणती कामं करू द्यायची. कुणाला नुसतं बघता येतं, कुणाला चालू-बंद करता येतं. कुणाच्या नावाला काय द्यायचं हे मशीनला सांगणारा माणूस मी. पंचविशीतल्या पोराच्या डोक्यात हवा जायला एवढं पुरेसं होतं.

त्याआधी आमच्याकडे एक साधी पद्धत होती. कटरमध्ये काही अडकलं, की खालच्या खड्ड्यात उतरणारा फिटर आधी मोटरचा फ्यूज काढायचा आणि खिशात घालायचा. तो वर येऊन फ्यूज परत बसवेपर्यंत कुणी काही करू शकायचं नाही. पण फ्यूज काढा, घाला, कधी एखादा खिशातच घरी न्यायचा, यात वेळ जायचा. मी फ्यूजची पेटीच सील करून टाकली. त्याऐवजी असं केलं, की खाली उतरणाऱ्यानं केबिनमध्ये आपल्या नावानं लॉगिन करायचं. त्याच क्षणी कटर सुरू करायचा अधिकार बाकी सगळ्यांच्या नावावरून निघून फक्त त्याच्या नावावर. स्क्रीनवर लाल खूण आणि त्याचं नाव. वर येऊन त्यानं लॉगआउट केलं की खूण हिरवी, आणि ऑपरेटरला अधिकार परत.

मी सगळ्यांना हे समजावून सांगत होतो तेव्हा मिलिंद मागं उभा होता. अंथुर्ण्याचा फिटर, माझ्याच वयाचा. हातातला पाना फिरवत म्हणाला, "कंपूटर साहेब, फ्यूज खिशात असला की जीव खिशात हाय असं वाटायचं. तुमचं ह्ये हिरवं-लाल खिशात कसं घालायचं?"

सगळे हसले. पॅनल ऑपरेटर हणमंत, निमगाव केतकीचा, म्हणाला, "त्याच्या खिशाला भोक हाय, साहेब. फ्यूज पन पडायचा."

"भोक असू द्या, पर हात घालून बघता तरी येतंय," मिलिंद म्हणाला.

मी त्याला सांगितलं, तुझ्या नावावर असलेला कटर तुझ्याशिवाय कुणीही सुरू करू शकत नाही. कुणीही. हे बोललो तेव्हा मला पक्कं माहीत होतं की एक नाव असं आहे, जे कुणाच्याही नावावरचं काहीही काढून घेऊ शकतं. माझं स्वतःचं.

हंगाम भरात आला. यार्डात बैलगाड्या आणि ट्रॅक्टर गेटच्या बाहेरपर्यंत लागलेले. एका सकाळी मोळीबरोबर लोखंडाचा तुकडा कटरमध्ये गेला. मिलिंद आपल्या नावानं लॉगिन करून खाली उतरला. बराच वेळ गेला. मी कॉम्प्युटर रूममध्ये होतो, ती दुसऱ्या इमारतीत. चीफ इंजिनिअर साहेबांचा फोन आला.

"सुधीर, गाळप थांबलंय, आणि हा मिलिंद लॉगआउट न करता चहाला गेलाय. काढ त्याचं नाव."

"साहेब, वर आलाय का नक्की?"

"अरे मी सांगतोय ना! यार्ड बघ जरा बाहेर येऊन."

मी यार्ड बघितलं नाही आणि कटरही बघितला नाही. एक ओळ टाइप केली, एंटर दाबलं.

केबिनमध्ये हणमंतसमोरची खूण लालची हिरवी झाली. हिरवी म्हणजे माणूस वर आला, हे मीच त्याला शिकवलं होतं. केबिनमधून कटरचा खड्डा दिसत नाही. त्यानं बटण दाबलं.

मी धावत गेलो तोपर्यंत कटर बंद केला होता, पण तो अजून थांबला नव्हता. इतकं वजन फिरत असतं की करंट तोडल्यावरही ते कितीतरी वेळ फिरत राहतं. त्याचं फिरणं थांबेपर्यंत आम्ही सगळे काठावर उभे राहून नुसते बघत होतो. पात्यांवर उसाचा चोथा होता, तो लाल होता. मिलिंदच्या शर्टाची एक बाही एका पात्याला गुंडाळून गरगर फिरत होती, आणि बाहीत हात होता. शेजारी कुणीतरी ओकलं. बाकीचा मिलिंद पोत्यात भरावा लागला... मी ते उचलायला पुढं झालो नाही.

दुपारी फिटर लोकांनी हणमंतला केबिनमधून ओढून बाहेर काढलं. तो ओरडत होता, "हिरवा व्हता! आईशप्पथ हिरवा व्हता!" त्याच्या तोंडावर उसाची दांडकी पडत होती. मग कुणीतरी पाना घेतला. एक घाव जबड्यावर बसला आणि तो ओरडायचा थांबला. दुसरा डोळ्यावर. त्याला जमिनीवर पाडून ते बुटांनी तुडवत होते. हे रोज एका डब्यात जेवणारे लोक. शेवटी मिलिंदचे वडील, आबा, गर्दीत घुसले आणि हणमंतच्या अंगावर आडवे पडले.

"माझा गेला," ते म्हणत होते, "आता ह्याच्या आईचा कशापायी घेताय?"

मी हे खिडकीतून बघत होतो. एक वाक्य बोललो असतो तर ते थांबले असते. मी खिडकी लावून घेतली.

चौकशीत ठरलं की ऑपरेटरनं न बघता कटर सुरू केला. चीफ साहेब मला म्हणाले, तू बोललास तर आपण दोघंही जेलमध्ये जाऊ. मशीनमध्ये माझ्या त्या एका ओळीची नोंद होती, ती मी पुसली. हणमंतवर केस झाली. त्याचा एक डोळा गेला होता, नोकरी गेली होती, आणि मी गप्प होतो. मिलिंदचं लॉगिन मी काढून टाकलं. पासवर्ड, अधिकार, नाव, सगळं.

कटरची पाती बदलून गाळप पुन्हा सुरू करायचं ठरलं. नवा ऑपरेटर केबिनमध्ये बसला, लॉगिन केलं, आणि स्क्रीनवर लाल खूण. शेजारी नाव: मिलिंद.

मला बोलावलं. मी बघितलं. त्या नावाचं लॉगिन मशीनमध्ये अस्तित्वातच नव्हतं, आणि कटर सुरू करायचा अधिकार त्याच नावाकडे होता. मी काढला, खूण हिरवी झाली, कटर सुरू झाला. पुढच्या वेळी पाती तपासायला थांबवला तर पुन्हा तेच. मी यंत्रणा पुसून पहिल्यापासून भरली. पुन्हा मिलिंद. आता फिटर खाली उतरायला तयार होईनात. एकजण म्हणाला, "त्यो अजून वर आलेला न्हाय, साहेब. आला की सोडंल."

चीफ साहेब वैतागले. "रोज तुला कुठं शोधू? मला एक ओळ लिहून दे, मीच काढत जाईन नाव." मी लिहून दिली. जे नाव असेल ते निघावं अशी ओळ. माझ्या सगळ्या आयुष्यातला शहाणपणा त्या दिवशी कुठं गेला होता, मला ठाऊक नाही.

माझी खात्री होती की कटरपाशी बसवलेल्या सेन्सरच्या वायरिंगमध्ये दोष आहे, त्यातून मशीनला चुकीचा निरोप जातोय. फिटर उतरत नव्हते, म्हणून मी स्वतः उतरायचं ठरवलं. लख्ख दुपार होती. माझ्या नावानं लॉगिन केलं, खूण लाल झाली, माझं नाव आलं. ऑपरेटरला म्हणालो, मी वर येईपर्यंत हात लावू नकोस.

"हिरवा झाल्याबिगर न्हाय लावत, साहेब," तो म्हणाला.

खाली उसाच्या आंबट रसाचा वास होता, आणि त्याच्या खाली अजून एक वास. मी दोन पात्यांच्या मधून डावा हात घालून पलीकडची वायर चाचपत होतो. तेव्हा दांड्यात एक हिसका आला.

नंतर कळलं ते सांगतो. चीफ साहेबांनी त्यांच्या ऑफिसातल्या स्क्रीनवर लाल बघितलं. नाव वाचलं नाही, ते म्हणाले, रोजचंच असेल असं वाटलं. मी लिहून दिलेली ओळ चालवली. केबिनमध्ये हिरवं झालं. ऑपरेटरला वाटलं मी वर आलो, त्यानं बटण दाबलं.

पातं माझ्या बोटांमधून गेलं. दुखलं नाही, नुसता टक् असा आवाज आला, ऊस मोडल्यासारखा. मी हात ओढायला गेलो तर बाही पात्यात अडकलेली, आणि मागचं पातं वरून खाली येत होतं, माझ्या मानेच्या रेषेत. मी बघत होतो. ओरडलोसुद्धा नाही. मनात एकच गोष्ट आली, मिलिंदनंही हे बघितलं असणार.

आणि ते थांबलं.

मोटर बंद झाली नव्हती. ती माझ्या डोक्यापाशी गुरगुरत होती, सगळा खड्डा थरथरत होता, मोटरमधल्या जळक्या वार्निशचा वास सुटला होता. दांडा फिरायला ओढ घेत होता आणि फिरत नव्हता. पातं माझ्या मानेला टेकलं होतं. त्याची थरथर मला दातांत जाणवत होती. जोराचा बैल दोघांनी शिंगं धरून दाबून ठेवावा, तसं काहीतरी. मी उजव्या हातानं बाही फाडली, सरपटत मागं आलो, शिडीवर चढलो. मागं बघायची हिंमत नव्हती. शेवटच्या पायरीवरून माझा पाय उचलला आणि खाली कटर एकदम सुटला. पूर्ण वेगात. माझी बोटं चोथ्याबरोबर पुढं गेली.

केबिनच्या दारातून मी स्क्रीन बघितला, रक्त गळत असताना. ऑपरेटरनंही बघितला, तो आजही साक्ष देईल. लाल खूण. नाव मिलिंद. आमच्या डोळ्यांदेखत ती हिरवी झाली. त्यानंतर ते नाव त्या मशीनवर कधीच आलं नाही.

बारामतीच्या दवाखान्यातून सुटल्यावर आधी पोलिसांकडे जाऊन सगळं सांगितलं. पुढं माझी नोकरी गेली, केस झाली, चीफ साहेबांनी सगळं नाकारलं. ते वेगळं. पोलिसांकडून निघालो तो थेट अंथुर्ण्याला गेलो. आबांनी सगळं ऐकून घेतलं.  मग माझा बँडेजचा हात हातात घेऊन बघत राहिले आणि इतका दाबला की पट्टी लाल झाली. मी हात सोडवला नाही.

"तुमाला पुरं का न्हाय घेतलं त्यानं?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही, आबा."

"मला बी न्हाय," म्हणाले, आणि आत गेले. दार लावलं.

कॉम्प्युटरचं सोडा. त्या नावाचं काहीतरी अर्धवट कुठंतरी उरलं असेल, माझी चूक असेल, असं मी मानायला तयार आहे. पण दांड्याचं काय? मोठमोठ्या इंजिनिअरांना मी विचारलं. कुणी म्हणालं बेअरिंग पकडलं असेल. बेअरिंग खोलून बघितलं, ठीक होतं. कुणी म्हणालं माझी बोटं मध्ये आली म्हणून अडला असेल. माणसाच्या हाडांनी तो कटर अडत असता तर मिलिंद वाचला असता. दांडा कुणी धरून ठेवला, आणि मला वाचवायला की मी सांगून टाकावं म्हणून, हे मला आजही सांगता येत नाही.

आबांकडून निघाल्यावर त्याच दिवशी मी निमगाव केतकीला गेलो होतो. हणमंत ओट्यावर बसला होता. एक डोळा शिवलेला, जबडा वाकडा. मला बघून उठला नाही. मी सांगायला सुरुवात केली तर त्यानं हात वर करून थांबवलं.

"बाकीचं ऱ्हाऊ द्या, साहेब. येकच सांगा. मी दाबलं तवा हिरवा व्हता का न्हवता?"

"होता," मी म्हणालो. "हिरवाच होता, हणमंत."

 त्यानं आत वळून हाक मारली, "आये... ऐकलं का? व्हता म्हनत्यात."