मालकांच्या शेजारची सीट
हॉटेलात कुणी ओडिकोलनच्या वासाचा गरम, ओला टॉवेल हातात ठेवला की मला नव्वदच्या दशकातलं ते दिल्लीचं विमान आठवतं. अंबरनाथच्या एका कारखान्यात मी अधिकारी होतो, आणि माझं पॅकिंग खातं बंद करायचं घाटत होतं. चाळीस माणसं घरी बसणार होती. कारखान्यात मालक दोन मिनिटंही देत नसत. पण कंपनीच्या कामाला आम्ही दोघं एकाच विमानानं दिल्लीला जाणार होतो; विमानात दोन तास ते कुठे जाणार होते? बायकोला दिल्लीला बहिणीकडे फुकट न्यायचं म्हणून विमानप्रवास करून जमवलेले सगळे माइल्स, म्हणजे तिकिटासाठी वापरता येणारे गुण, मी पुढच्या वर्गाच्या सीटसाठी उडवले आणि काउंटरवरच्या मुलीला विनवून मालकांच्या शेजारची जागा मिळवली. बायको एवढंच म्हणाली, "आता बोला हं नक्की." मालक सगळ्यात शेवटी आले, माझ्याकडे न बघताच पट्टा लावला आणि झोपले. समोरचं जेवण मी तसंच परत पाठवलं. पाठ केलेली वाक्यं मनात पुन्हा पुन्हा म्हणत राहिलो, पण झोपलेल्या मालकाला हात लावायची आमच्यात कुणाची छाती नव्हती. विमान उतरू लागलं तेव्हा टॉवेल आले, त्यांनी तोंड पुसलं आणि मला ओळखलं. "अरे, तुम आगे कैसे? कंपनी के पैसे से?" "नहीं सर, मेरे माइल्स से," एवढंच बाहेर पडलं आणि चाकं टेकली. महिन्याभरात खातं बंद झालं. अजूनही प्रवासात शेजारचा अनोळखी माणूस झोपला की माझा हात त्याच्या खांद्याकडे जातो.