शहाबादी दगड आणि समुद्राचे मासे

बिदरजवळच्या हुमनाबादला, हायवेवरच्या लॉजमधले समुद्राचे मासे देवीच्या कोपानं मेले, असं तिथं अजून सांगतात. ते माझ्या औषधानं मेले. ही गोष्ट मी चहाच्या टपरीवर ऐकली, लग्नाच्या मांडवात ऐकली, माझ्या निवृत्तीच्या समारंभातसुद्धा एकानं रंगवून सांगितली, आणि प्रत्येक वेळी मी मान डोलावली. आता झालं तसं लिहितो.

ऐंशी सालाच्या आसपास मी हुमनाबादला जनावरांचा डॉक्टर होतो. आमचं मूळ घर दुबलगुंडीचं, मेंढरं राखणारं. मेंढीचं पोट हातानं दाबून तिला काय झालंय ते मी सांगायचो, पण माशांशी माझा संबंध ताटापुरता होता.

लॉजच्या मालकाच्या लॉऱ्या हैदराबाद-मुंबई धावायच्या. मुंबईला कुठल्याशा दुकानात त्यानं काचेच्या टाकीतले रंगीत समुद्री मासे पाहिले आणि तसली टाकी आपल्या लॉजच्या काउंटरसमोर आणून बसवली. निळे चिमुकले मासे, पांढऱ्या पट्ट्यांचे नारिंगी मासे. परतीच्या लॉरीतून ड्रमात भरून समुद्राचं पाणी यायचं. टाकीत माशांना लपायला त्यानं शहाबादी दगडाचे तुकडे एकावर एक रचले होते. आमच्याकडे जमिनीला तोच दगड, कट्ट्याला तोच, धुणं धुवायला तोच. मग माशांच्या घराला दुसरा कुठून येणार?

टाकीची देखभाल एका रखवालदाराकडे होती. माणूस भालकी तालुक्यातल्या मेहकरचा, माझ्याच वयाचा, बौद्ध, मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि जिभेनं तिखट. पगार बेताचाच, पण लॉजच्या मागं राहायला एक खोली मिळालेली. त्या खोलीसाठीच तो तिथं टिकून होता. त्याची मुलगी हुमनाबादच्या हायस्कुलात जायची, आणि खोली गेली की शाळा गेली, हे तो कुणालाही सांगायचा.

एक दिवस मालकानं जीप पाठवली. जाऊन बघतो तर टाकीला कडुलिंबाचे डहाळे बांधलेले, पुढं वाटीत दहीभात, आणि खुर्ची टाकून मालकाची आई बसलेली. तिला सगळे अव्वा म्हणायचे.

"डॉक्टर, अम्मा आलीया माशांना," अव्वा म्हणाली. "फुलं बग की अंगावर."

माशांच्या अंगावर आणि परांवर खरंच रव्याचे कण चिकटावेत तसे पांढरे ठिपके होते. मासे दगडावर अंग घासत होते, कल्ले धापा टाकल्यासारखे हलत होते. पण घरात कांजिण्या आल्या की अम्मा आली म्हणायचं, औषध द्यायचं नाही, फोडणी घालायची नाही, हा आमच्याकडचा रिवाज. अव्वानं तो लॉजच्या स्वयंपाकघरालाही लावला होता. लॉरीवाल्यांना बिनफोडणीचं वरण वाढलं जात होतं आणि ते आचाऱ्याच्या नावानं शिव्या घालत होते.

"डॉक्टरसाब," रखवालदार हळूच म्हणाला, "ह्यांना अम्मा येतीया, मग बाजारात सुकटीला काय येत आसंल?"

"तोंड आवर रे," अव्वा कडाडली. "तुमच्यात देव न्हाईत म्हणून आमचे बी बुडवतूस का?"

"आमच्या बापानं छप्पन सालीच टोपलीत घालून नदीत सोडलेत, अव्वा. आता बुडवायला शिल्लक कुठं हायेत?"

मी एक मेलेला मासा घेतला, अंगावरचा चिकटा खरवडून दवाखान्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. गोल जीव, कडेनं लव, गरगर फिरणारे. परजीवीच होते. बिदरला एका ओळखीच्या प्राध्यापकाकडून पुस्तक आणून वाचलं. हा किडा काही दिवस माशाच्या कातडीत राहतो, मग गळून तळाशी जातो, दगडाला चिकटून कवच करतो, आत त्याची शेकडो पिल्लं होतात आणि ती पुन्हा मासे शोधत निघतात. औषध लागू पडतं ते पिल्लं पाण्यात मोकळी असतात तेव्हाच. औषध म्हणजे तांबं, आपला मोरचूद. मेंढरांची खुरं सडली की आम्ही ज्याच्या पाण्यातून त्यांना चालवतो तोच, पण इथं अगदी चिमटीच्याही चिमटीएवढा.

हे सगळं समजावायला गेलो तेव्हा लॉजमधून कांदा-लसणाच्या फोडणीचा घमघमाट येत होता. ठिपके गेले होते. अव्वानं अम्माची ओटी भरून, दहीभात वेशीबाहेर नेऊन तिला वाजतगाजत निरोप दिला होता.

"किडा गेलेला नाही," मी म्हणालो. "तळाशी बसलाय. परत येणार."

"गेलेल्या अम्माला कामून बोलवायलाव, डॉक्टर?" मालक म्हणाला.

किडा परत आला, दसपटीनं आला. पुन्हा डहाळे, पुन्हा बिनफोडणीचं वरण. आता तर अव्वाची खात्रीच पटली होती, कारण अम्मा अशीच येते, जाते, रुसते. रोगाची चाल आणि देवीची चाल इतकी जुळत होती की माझ्या पुस्तकाला कुणी विचारीना. मी म्हणालो, आजारी मासे वेगळ्या टबात काढू, तिथं औषध देऊ. मालक म्हणाला, अम्मा अंगावर असताना आजाऱ्याला उंबऱ्याबाहेर नेत नाहीत. आणि काउंटरसमोर रिकामी टाकी दिसली तर गिऱ्हाईक काय म्हणंल?

शेवटी टाकीतच औषध घालायची परवानगी मिळाली, तीही अव्वा दुपारी झोपली असताना. मी मोरचूद घातला. काही फरक नाही. दुप्पट घातला. तरी नाही. मासे एकेक करून मरत होते. पोरी-बाळी टाकीत शेव टाकत होत्या, वेटर बिडीची राख झटकत होते. रखवालदार उडालेल्या पाण्याच्या जागी बोअरचं पाणी घालत होता म्हणून मी त्याच्यावर ओरडलो.

"पाणी उडालं की मीठ वाढतंय, गोडं घालत जा, आसं तुमीच सांगितलाव की साब," तो म्हणाला.

सांगितलं होतं. तरी ओरडलो. त्या लॉजात पाय ठेवला की माझं डोकं उठायचं.

मग एका सकाळी, मालक आणि अव्वा समोर नसताना, मी त्याला म्हणालो, "सगळे दगड बाहेर काढ आणि उन्हात टाक. किड्यांची कवचं त्यातच आहेत."

तो घुटमळला. "अव्वा त्या दगडाला अम्माची गादी म्हणायलीया. आजच्या दिवस ऱ्हाऊ द्या. मालकाला इचारू."

"देव मानत न्हाई म्हणतूस आन् दगडाला भितूस व्हय रे?" मी मुद्दाम सगळ्यांसमोर म्हणालो. दोन वेटर हसले.

त्यानं बाह्या वर केल्या आणि दगड काढले. मी नेहमीची दुप्पट मात्रा टाकीत ओतली आणि दवाखान्यात गेलो.

दुपारी निरोप आला. मासे पाण्यावर आडवे तरंगत होते, एकही हलत नव्हता. मी मागच्या अंगणात गेलो. उन्हात वाळलेल्या दगडांवर हिरवट निळी झाक उठली होती. शहाबादी म्हणजे चुनखडी. तिच्यावर ॲसिड सांडलं तर फसफसतं हे इथं सगळ्यांना माहीत आहे. आजवरचा माझा सगळा मोरचूद त्या दगडांनी धरून ठेवला होता. म्हणून गुण येत नव्हता आणि म्हणूनच उरलेले मासे जगत होते. मी दगड काढायला लावले आणि मात्रा मात्र दगड असतानाचीच टाकली. दुसरं काही शोधायचं उरलंच नाही.

आत आलो तर काउंटरपुढं गर्दी जमलेली. अव्वा रडत होती. "अम्मा बसलेली असताना गादी उचलली ह्यानं. मुद्दाम केलाय."

"डॉक्टरसाबांनी सांगितलं म्हणून काढलो," रखवालदार म्हणाला आणि माझ्याकडं पाहिलं.

मालकानं विचारलं, "व्हय का डॉक्टर?"

वेटर तिथंच उभे होते. त्यांनी सकाळी ऐकलं होतं. तेही माझ्या तोंडाकडं बघत राहिले.

मी म्हणालो, "मी नुसतं पुसून घे म्हणालो होतो."

वेटरांनी माना खाली घातल्या. रखवालदार एकदाच म्हणाला, "साब." त्याला त्याच आठवड्यात खोली सोडावी लागली. सामान मेहकरला गेलं, मुलगीही गेली. गावात तेव्हा सातवीपुढं शाळा नव्हती.

पुढं माझी बदली भालकीला झाली. तिथं तो एकदा म्हैस घेऊन आला. मी म्हैस तपासली, सुई दिली, मग त्याला बाजूला नेऊन सगळं सांगितलं: दगड, मोरचूद, सगळं.

"मला कामून सांगायलाव?" तो म्हणाला. "दगड कुणी काढाय लावले ते मला ठाऊकच हाय. मासं कशानं मेले ह्याचं मी काय करू? तिथं जाऊन सांगा की, काउंटरपुढं."

"सांगतो," मी म्हणालो.

"पोरीचं लगीन ठरलंय," तो म्हणाला. "तिकडच्या लोकानी इचारलं, हुमनाबादहून कामून काढले म्हणून. काय सांगू?" उत्तराची वाट न बघता तो म्हैस हाकत निघून गेला.

मी सांगितलं नाही. अव्वा वारली. मालकही वारला. गेल्या महिन्यात मी हुमनाबादला गेलो आणि त्या लॉजच्या काउंटरपुढं उभा राहिलो. तिथं आता मालकाचा मुलगा बसतो. टाकीच्या जागी फ्रीज आहे.

"ते समुद्राचे मासे," मी म्हणालो.

"हां हां, आजी सांगायची. देव न मानणारा एक माणूस होता, त्यानं अम्माची गादी उचलली म्हणे."

"त्यानं नाही मारले. मी मारले. दगड मीच काढायला लावले होते आणि औषध जास्त झालं."

तो हसला. "आता काय त्याचं, काका. बसा, चहा घ्या."

"चहा नको," मी म्हणालो. "तू आधी ऐकून घे." मग काउंटरवरची घंटी दाबून मी आतल्या वेटरांनाही बाहेर बोलावलं आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.