ओडेटच्या नावाची ओळ

रॉस्को ॲली शाळेत असताना रोज उशिरा यायचा, आणि रोज वेगळ्या वेळेला. मी तेव्हा शाळेच्या कचेरीत होते. हजेरीच्या वहीत त्याच्या नावापुढे कधी सव्वानऊ, कधी दहा, कधी अकराला दहा कमी. महिन्याभराने माझ्या ध्यानात आलं, की पोरगं ओहोटीबरोबर सरकतंय, रोज पाऊण-पाऊण तास पुढे. बापाबरोबर खाजणात शिंपल्या खणायच्या, पाणी चढलं की बादल्या ट्रकमध्ये टाकायच्या आणि मग शाळा. मी रागवायचे. तो खिडकीबाहेरच्या खाडीकडे बघत "हो बाई" म्हणायचा, आणि मला वाटायचं, आपण झोपेतल्या माणसाशी बोलतोय.

आता तो अडतिशीचा आहे आणि तसाच आहे. किती वाजले विचारलं तर पाण्याची वेळ सांगतो. मार्लेनाशी त्याचं लग्न तीनदा ठरलं आणि तीनदा राहिलं, कारण तिन्ही वेळा तारीख मोठ्या ओहोटीवर आली. मोठ्या ओहोटीला खाजण पार बेटापर्यंत उघडं पडतं आणि तीन तासांत तीन दिवसांची कमाई होते. ती सोडणाऱ्याला आमच्या गावात वेडा म्हणतात. मार्लेनाने चौथी तारीख काढलीच नाही. "एका छपराखाली राहतोय ना, तेवढं पुरे," असं ती म्हणते.

त्यांची ओडेट जन्मली तीही ओहोटीला. रॉस्को गमबुटांसकट दवाखान्यात पोचला, तोवर नावं लिहून घेणारी बाई कागद घेऊन गेली होती. आईबापांचं लग्न झालेलं नसलं की बापाला स्वतः सही करावी लागते. ती जागा कोरी राहिली, आणि सात वर्षं कोरीच होती. नंतरही सही करता येते, दोघांनी मिळून नगर कचेरीत जायचं. पण कचेरी चारला बंद होते, आणि पाणी काही कुणासाठी थांबत नाही.

गेल्या मार्चमध्ये एका गुरुवारी दुपारी दोघं वाचनालयात माझ्या टेबलाशी आली. निवृत्त झाल्यापासून मी तिथे लोकांचे कराचे कागद फुकट भरून देते. धुकं इतकं खाली आलं होतं, की खिडकीतून धक्कासुद्धा दिसत नव्हता. कुठून तरी एका इंजिनाचा आवाज तेवढा येत होता, जवळून की लांबून ते कळत नव्हतं.

"नेहमीसारखं भरा बाई," रॉस्को म्हणाला. "ओडेट माझ्या कागदावर."

"थांब जरा. यंदा मार्लेनाचाही पगार आहे."

मार्लेना वर्षभर मासळीच्या कारखान्यात कामाला होती. सतरा हजार डॉलर मिळवले होते. रॉस्कोचे सदतीस हजार झाले होते. कष्टाची कमाई थोडी आणि घरात मूल, अशांना सरकार कराच्या परताव्यात वरची रक्कम घालून देतं. कमाई चढत गेली की ती रक्कम उतरत जाते. मी दोन्ही बाजूंनी हिशोब करून पाहिला.

"तुझ्या कागदावर पोर घातली तर दीड हजार. हिच्या कागदावर घातली तर जवळजवळ चार हजार."

"मग अर्धी-अर्धी घाला."

"पोर आहे ती, केक नव्हे. एक मूल एकाच्याच कागदावर."

"आणि दोघांनी लिहिलं तर?"

"तर कागद अडकतील, चौकशी होईल, आणि शेवटी ज्याची कमाई जास्त त्याला देतील. म्हणजे तुला. म्हणजे दीड हजार."

मार्लेना त्याच्याशी नाही, माझ्याशी बोलली. "घर तापवायची भट्टी जानेवारीत बंद पडलीय बाई. ओडेट लोकरीची टोपी घालून झोपते."

रॉस्कोने खिडकीबाहेरच्या धुक्याकडे मान वळवली. मला वाटलं, शाळेतल्यासारखा आता "हो बाई" म्हणेल.

"ह्या एकाच कागदावर ती माझी असते," तो म्हणाला. "जन्माच्या कागदावर मी नाही. शाळेत हिची सही चालते. तुम्ही दर वर्षी मला एक प्रत देता ना, त्यात एक ओळ असते. ओडेटचं नाव, आणि पुढे 'मुलगी'. ती मी ट्रकमध्ये ठेवतो. पाणी उतरायची वाट बघताना वाचतो."

माझे डोळे भरून आले, आणि त्याचा संतापही आला. "सात वर्षांत एक ओहोटी सोडता आली नाही का रे तुला?"

"सोडली असती, तर तुम्हीच वेडा म्हणाला असता."

मार्लेनाला हसू आलं. मला नाही आलं, कारण म्हटलं असतं मी.

"हिच्या कागदावर घाला," तो म्हणाला. "पोरीला ऊब हवी."

मी ओळ त्याच्या कागदावरून काढली. त्याने सही केली, आणि ती ओळ असायची त्या जागेवरून अंगठा फिरवला. ती रिकामी जागा मलाही बघवेना.

तेवढ्यात धुकं विरलं. खाडी बेटापर्यंत उघडी पडली होती, महिन्यातली सगळ्यात मोठी ओहोटी. खणणारी माणसं आखूड दांड्याचे पंजे घेऊन चमकत्या चिखलावरून चालत निघाली होती, एवढीशी दिसत होती. मार्लेनाने सवयीने ट्रकची किल्ली पुढे केली. "जा तू. मी चालत जाईन."

त्याने किल्ली घेतली नाही. "नगर कचेरी चारपर्यंतच ना?" त्याने विचारलं.

कचेरी वाचनालयाला लागूनच आहे. मधल्या काचेतून मला दोघं रांगेत दिसत होती. पुढे एक म्हातारा कुत्र्याच्या परवान्यासाठी आला होता आणि कुत्र्याबद्दलच बोलत सुटला होता. रॉस्को गमबूट घालून उभा. एकदा त्याने खाडीकडे पाहिलं. पाणी बेटाकडून परत फिरायला लागलं होतं. त्याने मार्लेनाच्या कोटाची बाही धरली आणि तो तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी खाजणात सगळ्यांनी त्याला छेडलं, एवढी मोठी ओहोटी सोडलीस, आजारी होतास की काय.

"नाही," तो म्हणाला. "काल मला मुलगी झाली."