बोरूची जीभ

दुपार टळटळीत आहे. मांडवाच्या सावलीला गव्हाच्या रिकाम्या पोत्यांवर टेकून हौसाक्का डोळे मिटते. मिटते कसली, पापण्या आपोआपच पडतात. रात्रीचं जागरण आहे, पोटात पुरणाचा जडपणा आहे, आणि मांडीवर सॅक्सोफोन आहे, तान्ह्या पोरासारखा आडवा. कानात अजून बाळूचं, धाकट्या भावाचं बोलणं घुटमळतंय.

"आक्का, चावडीवरनं निरोप आलाय. वेशीच्या आत आलो की बाजा बंद करायचा. रीत हाय म्हणं."

रीत! या गावाची रीत अशी, की पाटलाच्या पोराची वरात असली म्हणजे वायदंड्यांचा बँड दारोदार वाजत फिरला पाहिजे. तेव्हा मांगाची फुंक शुभ असते. आज त्याच वायदंड्यांच्या घरात लग्न आहे. बाळूचा थोरला पोरगा नवरदेव आहे. तर आज मात्र वरात वेशीत शिरली की बाजे काखोटीला मारायचे आणि मयताला निघाल्यासारखं खाली मान घालून चावडी ओलांडायची. परत मांगवाड्यात पोचल्यावर मग हवं तेवढं बोंबला.

बँडच्या पुढे हौसाक्का चालते. ती थांबली की सगळे थांबतात. ती थांबलीच नाही तर काय होईल, हे आजवर कुणी करून बघितलेलं नाही.

त्यात सकाळी हळदीला वाजवताना तिच्या सॅक्सोफोनची पत्ती उभी चिरली. तोंडात धरतात तिथे बांधलेली बोरूची ती पातळ पट्टी. ती नसली तर एवढा मोठा बाजा म्हणजे नुसता पितळेचा नळ. दुसरी पत्ती घरात नाही, कोल्हापुराहून आणायला वेळ नाही. 'सुटलो बाबा' असं बाळू तोंडानं बोलला नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर ते लख्ख उमटलं. आणि खरं सांगायचं तर हौसाक्कालाही घटकाभर बरं वाटलं. बरं वाटलं म्हणून ती स्वतःवरच चिडली, आणि चिडता चिडताच तिला झोप लागते आहे.

"हौसा! वरात दारात, आनि तू झोप?"

समोर जेफूकाका उकिडवा बसलाय. अंगात तोच पलटणीचा खाकी कोट, बटणं तुटकी. काळाभोर, उंच, गुडघे कानाला लागलेले.

काका मेलेला आहे हे तिला पक्कं ठाऊक आहे. गेल्या आषाढात तो त्याच्या मुलखात, मोझांबिकात वारला. पुढे मुंबईत तो ज्यांच्या बँडमध्ये वाजवायचा, त्या आल्फ्रेड मास्तरांनी कळवलं होतं. पण मेलेल्या माणसाला 'तू मेलायस' असं तोंडावर कसं म्हणायचं? म्हणून ती विचारते, "काका, जेवलास?"

"जेवलो. तुज्या घरच्या लग्नाची पोळी खाल्ली. जीभ दाव."

ती तोंड उघडून जीभ काढते. काका मांडी थोपटून हसतो.

"ती न्हाई गं. बाजाची!"

हा जुना विनोद. झेफानियास सितोए हे त्याचं पुरं नाव. पोर्तुगिजांनी त्याला पलटणीच्या बँडमध्ये वाजवायला गोव्यात आणलं. एका पहाटे हा पठ्ठ्या सॅक्सोफोन पाठीला बांधून सरहद्द ओलांडून आला आणि घाट चढला. गावानं त्याला बघून दारं लावून घेतली, तेव्हा केरबा वायदंड्यानं, हौसाच्या बापानं, आपल्या कुडाच्या घराचं दार उघडलं. गाव म्हणालं, हबशी आलाय. केरबा म्हणाला, "हबशी न्हवं, उस्ताद म्हणायचं." आल्यावर चारच दिवसांनी उस्ताद रडवेला होऊन सांगू लागला, "केरबादादा, माजी जीभ मोडली." केरबा हळद-मध घेऊन वैद्याकडे धावला. वैद्य मांगाच्या घरात येईना, तर बाहेरूनच ओरडला, "तोंड उघड म्हणावं!" उस्तादानं तोंड उघडलं, जीभ ठणठणीत! मोडली होती ती पत्ती. तेव्हापासून वायदंड्यांच्या बँडमध्ये पत्तीला जीभच म्हणतात.

"चिरली," हौसाक्का म्हणते. "सकाळीच चिरली, काका. आता मी काय वाजवणार?"

"चिरली, की चिरून घेतलीस?"

तिला राग येतो. उत्तर द्यायला ती तोंड उघडते तर पायाला गार पाणी लागतं. मांडव कुठेच नाही. हिरण्यकेशीचं पात्र आहे, घोट्याइतकं पाणी आहे, काठाला बोरूचं रान सळसळतंय. हौसा परकरात आहे. नाक वाहतंय, डोळे वाहतायत, हातात तिच्या लिहायच्या बोरूचे दोन तुकडे.

"कोनी मोडला?" काका विचारतो.

"गुरुजींनी."

सगळ्या पोरींकडे सुबक बारीक बोरू होते. हौसाला कुणी तासून दिला नाही, म्हणून तिनं स्वतःच काठावरचा अंगठ्याहून जाड बोरू विळ्यानं कापून, वाळवून नेला होता. वर्ग हसला. गुरुजी म्हणाले, बोरू आहे की मुसळ? मांगाच्या पोरीनं मुसळच धरावं. आणि कडाकड मोडला.

काका पाण्यात बसकण मारतो. बाटलीच्या फुटक्या काचेनं त्यातला एक तुकडा उभा चिरतो, खरवडतो, जिभेला लावून बघतो, परत खरवडतो. बोरूच्या टोकाला अजून शाई आहे. ती जीभ तो बाजाला बांधतो आणि बाजा हौसाच्या गळ्यात अडकवतो. बाजाच्या वजनानं पोर पुढे कलंडते.

"लिवू देत न्हाईत?" काका म्हणतो. "मग बोल. हीच तुजी जीभ. दातात धर, फुंक."

ती फुंकते. म्हशीचं रेडकू हंबरावं तसा आवाज निघतो. काठावरचे बगळे उडतात. काका गडबडा लोळतो. खालचा ओठ शाईनं निळा झालेला ती पाण्यात बघते, आणि त्या ओठाचा तिला आयुष्यात पहिल्यांदा गर्व वाटतो.

पाण्याला कांद्याचा वास येतोय.

पाणी नाही, मोरी आहे. मोठा मुदपाकखाना आहे, पातेली आहेत, वाफ आहे. मोरीजवळ उभ्यानं चार काळी माणसं घाईघाईत घास गिळतायत. प्रत्येकाच्या गळ्यात बाजा.

"हे माज्या गावचं हाटेल," काका सांगतो. "गावाचं नाव लोरेन्सो मार्किस. गोरे पुढच्या दारानं यायचे, नाचायला. आमी हितनं. बाजा फाइन म्हनायचे. मग नाक असं धरायचे, कांद्याचा वास कसला म्हनायचे."

"मग तू काय म्हणायचास?"

"काय म्हननार? तोंडात बाजा."

आतून नाचाची धून येते. हौसाक्का कान टवकारते. विलायती सूर आहेत, पण खाली जो ठोका चाललाय तो तिच्या हाडातला आहे. ता-कड, ता-कड, मध्येच एक ठोका गिळलेला. असा ठोका गिळून हलगी वाजवणारा जगात एकच माणूस होता, तिचा बाप.

"काका! हा आबाचा ठोका!"

"मग! गोरे निघाले, मी मुंबई सोडून घरी गेलो, तवा तबकडी काढली. रेडिओवर रोज. आख्खा मुलूख नाचला त्याच्यावर. धूनीचं नाव, 'केरबा'."

बाप आयुष्यभर ज्या चावडीसमोरून हलगी उलटी धरून गेला, त्या बापाच्या नावावर समुद्रापार लोक नाचतात!

"लोक विचारायचे, केरबा म्हंजे काय? मी सांगायचो, राजा."

"खोटारडा मेला."

"मी राजाच बगितला, हौसा. कुडाच्या घरात."

ती पदरानं डोळे पुसते आणि मग मुद्द्याचं विचारते, कारण वेळ थोडा आहे हे तिला झोपेतही कळतंय. "वेशीत वाजवलं तर उद्या पाटील बँड बोलावणार न्हाईत. बाळूची पोरं काय खातील?"

"मला पन काडला हाटेलानं. शनिवार आला. गोरे आले, बायका आल्या, पाय आले. धून न्हाई. कोन नाचनार पातेल्यावर? मंगळवारी मला बोलवाय गाडी." तो बोट तिच्या बाजावर टेकवतो. "लगीन पाटलांकडं हाय. बाजा त्यांच्याकडं न्हाई."

"आणि पुढच्या दारानं कधी गेलास का न्हाई?"

"गोऱ्यांचा झेंडा उतरला त्या दिवशी. तेच हाटेल. दारवान माज्यासारकाच काळा. सवयीनं हात आडवा केला त्यानं. मी वाजवत वाजवत हाताखालनं गेलो."

"भ्याला न्हाईस?"

"लय भ्यालो. पन एक सांगतो, हौसा. तोंडात बाजा असला की माफी मागता येत न्हाई."

असं म्हणून तो मुदपाकखान्याचं दार ढकलतो. पलीकडे हॉटेल नाही. वेस आहे. त्यांच्याच गावची, शेंदूर फासलेली, उन्हात तापलेली. आत पांढऱ्या टोप्यांची माणसं हाताची घडी घालून उभी आहेत. एक हात आडवा येतो.

"चल म्हनू नको मला," काका मागूनच बोलतो. "मी गेलोय माज्या दारातनं. हे तुजं."

"काका, जीभ न्हाई माझ्याकडं!"

"घर कशाचं हाय तुजं?"

ती वळते, तर—

"आक्का! आवो आक्का, उठा. नवरदेवाला घोड्यावर बसवायचा वकुत झाला."

भावजय इठाबाई खांद्याला हलवतेय. पलीकडे बाळू डोक्याला फेटा गुंडाळत उभा. ऊन कलून मांडवाच्या आत आलंय. हौसाक्का पोत्यांवरून उठते, आणि तिच्या पाठीमागची भिंत तिच्या नजरेत भरते. बापानं उभा केलेला कूड. जाड, पिवळा, वर्षानुवर्षं चुलीच्या धुरात वाळलेला बोरू.

ती हात घालून एक बोरू कचकन उपसते. माती खाली सांडते.

"आक्का, काय करतीस? घर पाडतीस व्हय?"

"काच आण. फुटकी चालंल."

"कशाला?"

"जीभ करायचीय."

बाळूचा फेटा अर्ध्यातच थांबतो. "आणि वेशीत?"

"वेशीत तू हलगीचा ठोका धर. आबाचा. ताशावाल्या पोरांना बी सांग, कुणी थांबायचं न्हाई."

बाळू उरलेला फेटा गुंडाळत बहिणीच्या तोंडाकडे बघतो. इठाबाईसुद्धा तिथेच बघतेय.

"आवो, ओठाला काय लागलंय तुमच्या? शाई हाय का काय?"

घरात दौत नाही. पोरं बॉलपेननं लिहितात. हौसाक्का जीभ खालच्या ओठावरून फिरवते. तुरट, कडू, ओळखीची चव.

इठाबाई पदराचं टोक ओलं करून पुढे येते. "थांबा, पुसते. चारचौघांत बरं दिसतंय व्हय?"

"हात लावू नको," हौसाक्का म्हणते, आणि काचेनं बोरू तासायला बसते. "वेशीत दिसू दे."