बागकामाच्या पुस्तकांमागे

थंडी सुरू झाली की ट्रंकेतून स्वेटर निघतात, आणि डांबराच्या गोळ्यांचा तो वास मला थेट विद्यापीठाच्या लायब्ररीत नेऊन बसवतो. डिसेंबरच्या परीक्षेआधी सगळ्या दिल्लीलाच तसा वास यायचा. रीडिंग रूमच्या दारातच नाक चुरचुरायचं. एम.ए.च्या पेपरला लागणाऱ्या एका जाड ग्रंथाची तिथे एकच प्रत होती, आणि ती घरी न्यायला परवानगी नव्हती. मला पहिलं यायचं होतं. म्हणून रोज तिथून निघताना मी ती बागकामाच्या पुस्तकांमागे दडवायचे. एका दुपारी आमच्या वर्गातली दुसरी मराठी मुलगी, पहाडगंजहून येणारी, माझ्यापाशी आली. “यार, तीन दिवस शोधतेय गं, तुला दिसलं का?” मी नाही म्हटलं. तेवढ्यावर थांबले नाही, उठून तासभर तिच्याबरोबर शोधत हिंडले, फळ्यांवरची धूळ स्वेटरच्या बाहीने पुसत. फक्त बागकामाच्या कपाटाकडे तिला वळू दिलं नाही. शेवटी तिने पिशवीतून स्वतःच्या नोट्सची वही काढली. “तुलाही नाही ना मिळालं? चलो, यात थोडंफार आहे, झेरॉक्स काढून घे.” मी काढली. निकालात मी पहिली आले. ती त्या पेपरात नापास झाली. आता मीच शिकवते. ‘हल्लीची मुलं अभ्यास मनावरच घेत नाहीत’ असं स्टाफरूममध्ये सुरू झालं की मी पेपर तपासायला घेते. परीक्षा संपल्यावरसुद्धा ते पुस्तक जागेवर ठेवायचं मला सुचलं नव्हतं.